रोज पहाटे थर्मोस्टॅट काळा, दुपारी आपोआप जिवंत. काय भानगड आहे?

गारठलेला_सातारकर | १२ जानेवारी, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. हे मी दोन स्वेटर आणि वर आईची शाल पांघरून टंकतोय.

मुक्काम न्यू जर्सी, टाउनहाउस, गॅसची फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) तळघरात. जुनी फर्नेस पंचवीस वर्षांची झाली होती म्हणून नोव्हेंबरात ती काढून ९६ टक्के एफिशियन्सीवाली नवी बसवली. त्याच दिवशी जुना बटणांचा थर्मोस्टॅट काढून स्मार्ट थर्मोस्टॅट लावून घेतला. डिसेंबर मजेत गेला. या महिन्यात थंडी वाढली (काल रात्री बाहेर १२ फॅरनहाइट, म्हणजे उणे ११ सेल्सिअस) आणि नाटक सुरू झालं.

पहाटे साडेचार-पाचला थर्मोस्टॅटचा स्क्रीन काळा. अ‍ॅपमध्ये 'ऑफलाइन'. फर्नेस बंद, घर उतरत उतरत ५८ फॅरनहाइटवर (१४ सेल्सिअस). आणि मग दुपारी बारा-एकच्या सुमारास कुणी हात न लावता स्क्रीन उजळतो, फर्नेस धडधडायला लागते, जणू काही झालंच नाही. आठवड्यात चारदा झालं. रविवारी तर तो दुपारीही आला नाही, एकदम सोमवारी जेवणाच्या वेळी उगवला.

करून झालेले उपाय: राउटर बंद-चालू, थर्मोस्टॅट फॅक्टरी रीसेट, अ‍ॅप काढून परत टाकलं, कस्टमर केअरवर पन्नास मिनिटं संगीत ऐकलं. टेक्निशियन बोलावला, तो नेमका दुपारी दोनला आला. सगळं सुरळीत चालू! "थर्मोस्टॅट गेलाय, बदला, तीनशे डॉलर" म्हणाला आणि नुसतं येण्याचे १४९ घेऊन गेला.

साताऱ्याहून आई-बाबा आलेत. बाबा रोज सकाळी "एवढं शिकलास..." एवढंच म्हणतात, वाक्य पुरं करत नाहीत. आई म्हणते रात्रभर खाली काहीतरी घुरघुरतं. तळघरात जुना फ्रीज आहे, तोच असावा.

तीनशे डॉलर घालू का?

---

पेठेतला | १२ जानेवारी

आमच्याकडे पारा १२ वर आला की पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. तुमचे १२ वेगळे दिसतात. शाल सोडू नका.

---

मिनेसोटामामी | १२ जानेवारी

आधी सुरक्षेचं, मग दुरुस्तीचं. घरात वडीलधारी माणसं आहेत म्हणून सांगते.

स्पेस हीटर लावला असशील तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लाव, एक्स्टेन्शन कॉर्डवर नको. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून स्वयंपाकघर गरम करायची युक्ती कुणी सुचवली तर त्याला हाकलून दे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही. डिटेक्टरची बॅटरी आजच्या आज बघ. आणि रात्री बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेवर सोड, पाइप फुटला तर तीनशे डॉलर किरकोळ वाटतील.

आता दुरुस्ती. माझा पैज लावून अंदाज: सी-वायर नाही. जुन्या थर्मोस्टॅटला फक्त चार तारा लागायच्या. स्मार्टवाल्याला वाय-फाय आणि स्क्रीनसाठी सतत वीज लागते, ती सी, म्हणजे कॉमनवरून मिळते. ती नसेल तर काही मॉडेलं हीटिंगच्या तारेतून चोरून थोडी थोडी वीज घेतात. उन्हाळ्यात भागतं, हिवाळ्यात बॅटरी उतरते. आमच्या गल्लीत तीन घरांत हेच निघालं.

---

तात्या_टोरोंटो | १२ जानेवारी

मुळात दिवाभिंतीवरच्या चकतीला इंटरनेट कशाला लागतं हे मला अजून कळलेलं नाही. माझा वीस डॉलरचा साधा थर्मोस्टॅट दोन पेन्सिल सेलवर चौदा वर्षं चालतोय. बाहेर उणे २५ असतं इथे.

---

गारठलेला_सातारकर | १२ जानेवारी

मामी, चकती काढून बघितली. निळी तार सी वर आहे, घट्ट आहे. आर, डब्ल्यू, वाय, जी या बाकीच्या तारा पण आहेत. या मॉडेलमध्ये आत बॅटरी नाहीच, सगळी वीज तारांवरून.

तात्या, दिवाभिंत नव्हे हो, दिवाणखान्याची भिंत!

---

तात्या_टोरोंटो | १२ जानेवारी

ऑटोकरेक्ट. तोही स्मार्टच.

---

नीरजा_आर | १२ जानेवारी

आमच्याकडे (ओहायो) गेल्या वर्षी थोडं असंच झालं होतं. साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) आले होते. आम्ही दोघं सकाळी ऑफिसला गेलो की घर गार, संध्याकाळी आलो की गरम. साबा बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, 'तुमच्याकडे दिवसा हीटिंग लावत नसतील' असं समजून दोन आठवडे गोधडीत बसून होत्या. पैसे वाचवतात मुलं, असं वाटलं त्यांना!

कारण काय, तर जिओफेन्सिंग. आमचे दोघांचे फोन घरापासून लांब गेले की थर्मोस्टॅट समजायचा घरात कुणी नाही, आणि ६२ वर उतरायचा. साबांच्या फोनमध्ये अ‍ॅपच नव्हतं, म्हणजे त्याच्या हिशेबी त्या घरात नव्हत्याच. ते फीचर बंद केलं. नवरोजींनी आईची माफी मागितली, ती वेगळी गोष्ट.

---

पेठेतला | १२ जानेवारी

थर्मोस्टॅटच्या हिशेबी साबा घरात नाहीत... हे फीचर इकडे मिळेल का? (कृहघ्या, म्हणजे कृपया हलके घ्या)

---

गारठलेला_सातारकर | १२ जानेवारी

नीरजा, तेही होतं, आत्ताच बंद केलं, धन्यवाद. पण माझा प्रॉब्लेम तापमान उतरवण्याचा नाही, स्क्रीनच मरतो. आणि पहाटे पाचला सगळे फोन घरातच घोरत असतात.

---

विजेचा_झटका | १३ जानेवारी

या धाग्यावर आतापर्यंत सगळे चकतीकडे बघतायत. चकती म्हणजे फक्त बटण आहे हो. फर्नेसमध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो, तो घरच्या १२० व्होल्टचे २४ करतो. ते २४ आर तारेने वर येतात, सी ने परत जातात. थर्मोस्टॅटला उष्णता हवी झाली की तो आर आणि डब्ल्यू जोडतो. बस, एवढंच काम. बाकी स्क्रीनवर दिसणारं पाऊस, बातम्या, पानाचं चिन्ह वगैरे वरची रांगोळी.

तर स्क्रीन काळा, म्हणजे २४ व्होल्ट वर पोचत नाहीत. का पोचत नाहीत हा खरा प्रश्न. नेहमीचे संशयित असे. फर्नेसच्या कंट्रोल बोर्डवर गाडीत असतो तसा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज असतो. पण फ्यूज उडला तर तो उडलेलाच राहतो, दुपारी जेवून परत येत नाही. म्हणून तो बाद. दुसरा, फर्नेसच्या झाकणामागचा डोअर स्विच. झाकण नीट बसलं नसेल तर सगळी वीज जाते, आणि थरथरीने येऊ-जाऊ शकते. तिसरा, कुठेतरी सैल तार.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आहे का? नसेल तर वीस डॉलरचा आणा. उद्या पहाटे स्क्रीन काळा असतानाच दोन मापं घ्या, एसी व्होल्टवर: खाली बोर्डवर आर आणि सी मध्ये किती, आणि वर भिंतीवर त्याच दोन तारांमध्ये किती. बोर्डवरचा छोटा दिवा लागलाय का तेही बघा. १२० च्या बाजूला बोटं घालू नका. आणि झाकण उघडलं की डोअर स्विच सुटेल, तो दाबून धरावा लागेल. एका हाताने दाबायचा, दुसऱ्याने मापायचं, तिसऱ्या हाताला वहिनींना बोलवा.

---

बंबवाला | १३ जानेवारी

अवांतर: हे सगळं वाचून आमच्या कोल्हापूरच्या घरचा तांब्याचा बंब आठवला. मधल्या नळीत जळण, भोवती पाणी, वरून धूर. सकाळी आजी खोबऱ्याच्या करवंट्या घालायची. पाणी किती तापलं हे बंबाला हात लावून ठरायचं. चटका बसला की आजोबांची आंघोळ, चटका सोसवला की मुलांची. एकदाही ऑफलाइन गेला नाही.

बाकी गीझरमध्येही थर्मोस्टॅटच असतो बरं का. दोन धातूंची पट्टी, एक जास्त प्रसरण पावतो, एक कमी, पट्टी वाकते आणि सर्किट तुटतं. आमच्या दुकानात 'गीझर बिघडला' म्हणून जे येतात त्यातल्या निम्म्यांचा नुसता कटआउट ट्रिप झालेला असतो.

---

मिनेसोटामामी | १३ जानेवारी

बंबवाले, वा! माझंही अवांतर: थर्मोस्टॅटच्या बाबतीत आमच्या गावाने मान ताठ ठेवायला हरकत नाही. अल्बर्ट बुट्झ नावाच्या माणसाने १८८५ मध्ये इथे मिनियापोलिसमध्ये कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडझाक करणारं यंत्र काढलं, आणि त्यातूनच पुढे हनीवेल कंपनी उभी राहिली. त्यांचा गोल, सोनेरी रंगाचा थर्मोस्टॅट १९५३ पासूनचा. आमच्या तळघरात आधीच्या मालकाने लावलेला अजून आहे. आत वेटोळं आणि काचेच्या कुपीत पारा. वेटोळं तापलं की कुपी कलंडते, पारा पलीकडे जातो, सर्किट तुटतं. काढलात तर कचऱ्यात टाकू नका, पारा आहे. घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचा.

---

तात्या_टोरोंटो | १३ जानेवारी

सत्तर वर्षांपूर्वीची वस्तू चालू, नोव्हेंबरातली बंद. मी काही बोलत नाही.

---

गारठलेला_सातारकर | १४ जानेवारी, सकाळी ६:१५

सर्वांना तिळगूळ घ्या, गोड बोला. मी मात्र सकाळपासून कुणाशी गोड बोललेलो नाही.

पाचला स्क्रीन गेला. झटकासाहेबांच्या आज्ञेनुसार बाबा टॉर्च धरून, बायको स्विच दाबून, मी मीटर घेऊन. खाली बोर्डवर २७ व्होल्ट. हिरवा दिवा शांतपणे चालू. वर भिंतीवर: शून्य.

आदल्या रात्री झाकणाला चारी बाजूंनी टेप मारली होती, म्हणजे झाकणाचाही दोष नाही.

---

विजेचा_झटका | १४ जानेवारी

झकास! म्हणजे फर्नेस ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक, आणि थर्मोस्टॅटही बहुधा निर्दोष. तीनशे डॉलर खिशातच ठेवा. चोर मधल्या रस्त्यावर आहे.

पण तार तुटली असेल तर ती दुपारी बाराला कशी जुळते? गारठ्याने आकसून सांधा सुटत असेल? उंदराने कुरतडली असेल?

---

पेठेतला | १४ जानेवारी

उंदीर शिफ्टमध्ये काम करतो. सकाळी पाच ते बारा. न्यू जर्सीत युनियन असेल.

---

लंडनकर_काकू | १४ जानेवारी

मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, आणि आमच्याकडची पद्धत वेगळी (फर्नेस नाही, बॉयलर आणि रेडिएटर), त्यामुळे चुकत असेन तर सोडून द्या.

'रात्री थंडीत बंद, दुपारी चालू' हे वाचून मला २०१० चा डिसेंबर आठवला. इथला शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर होता तो. अर्ध्या गल्लीचे बॉयलर पहाटे बंद. आम्हीही थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलत बसलो होतो. शेवटी निघालं काय, तर कंडेन्सेटची नळी गोठली होती. नव्या कंडेन्सिंग बॉयलरमधून पाणी निघतं, ते एका बारीक प्लॅस्टिकच्या पाइपने बाहेर भिंतीवरून गटारात जातं. पाइपात बर्फ झाला की पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. आतून गुळगुळ आवाज येतो. यांनी किटलीतलं कोमट पाणी (उकळतं नव्हे, पाइप तडकतो) त्या पाइपावर ओतलं, रीसेट केलं, चालू! नंतर प्लंबरने तो जाड पाइप घालून वरून वेष्टण लावलं.

तुमची फर्नेस ९६ टक्केवाली म्हणताय म्हणजे तीही कंडेन्सिंगच ना? आणि तुमच्या आई कसला आवाज म्हणत होत्या?

---

तात्या_टोरोंटो | १४ जानेवारी

काकू, आदर आहे, पण पाणी तुंबलं तर फर्नेस बंद पडेल आणि बोर्डवरचा दिवा लुकलुकून एरर दाखवेल. इथे दिवा ठीक आहे आणि स्क्रीन काळा आहे. पाण्याचा स्क्रीनशी काय संबंध?

---

विजेचा_झटका | १४ जानेवारी

तात्या, थांबा थांबा. संबंध आहे. काकूंचे पाय कुठे आहेत?

सातारकर, ताबडतोब सांगा: (१) फर्नेसशेजारी जमिनीवर बुटाच्या खोक्याएवढा छोटा पंप आहे का? (२) त्याच्यातून निघणारी बारीक पारदर्शक नळी कुठे जाते? (३) पंपातून दोन बारीक तारा निघून फर्नेसकडे जातात का?

तळघरात गटाराचं तोंड उंचावर असेल तर पाणी उपसायला असा पंप लावतात. त्याच्यात एक सेफ्टी स्विच असतो. टाकी भरून वाहायला आली की तो सर्किट तोडतो. आणि बरेच लोक तो स्विच आर तारेच्या मधोमध घालतात, बोर्ड आणि थर्मोस्टॅट यांच्या मध्ये! म्हणजे बोर्डवर २७, वर शून्य, दिवा हिरवा. तंतोतंत तुमची मापं.

---

गारठलेला_सातारकर | १४ जानेवारी, सकाळी ११:०५

पंप आहे. दोन तारा आहेत. पंप हाताला गरम लागतोय आणि घुरघुरतोय. तो फ्रीज नव्हता.

नळी मागच्या भिंतीतून बाहेर जाते हे मला माहीतच नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "अरे, मागे भिंतीला बर्फाचं हे एवढं लोंबतंय, चार दिवस झाले. मला वाटलं इकडे असंच असतं."

हातभर लांब सुळका आहे. उतरून बघतो.

---

मिनेसोटामामी | १४ जानेवारी

आईंना माझा साष्टांग नमस्कार. पहिल्या पोस्टमध्येच त्यांनी उत्तर दिलं होतं आणि आपण सगळे वाय-फाय करत बसलो.

---

गारठलेला_सातारकर | १४ जानेवारी, दुपारी १:३०

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

तो पंप जुनाच, एसीसाठी लावलेला. उन्हाळ्यात एसीचं पाणी बाहेर टाकायचा. जुनी फर्नेस पाणी काढतच नव्हती, त्यामुळे हिवाळ्यात नळी कोरडी असायची. नोव्हेंबरात नव्या फर्नेसचं पाणी बसवणाऱ्याने त्याच पंपात सोडलं आणि नळी तशीच बाहेर ठेवली. डिसेंबरात थंडी बेताची होती, निभावलं. आता रात्री नळीच्या तोंडाशी बर्फ, पंप ढकलतोय पण पाणी जात नाही, टाकी भरते, स्विच सुटतो, थर्मोस्टॅट काळा. भिंत दक्षिणेकडची, दुपारी तिच्यावर ऊन येतं, बर्फ सुटतो, पंप टाकी उपसतो, स्विच जुळतो. रविवारी दिवसभर ढग होते!

आणि टेक्निशियन दुपारी दोनला आला होता. उन्हात.

तूर्त नळी पंपापाशी काढून दुसरा तुकडा लावलाय आणि तो बादलीत सोडलाय. हेअर ड्रायरने बाहेरच्या नळीशी झटापट केली, शेजारी बघत होते.

---

विजेचा_झटका | १४ जानेवारी

एक विनंती: घाईत त्या दोन तारा एकमेकींना जोडून स्विच बायपास करू नका. हीटिंग चालू राहील आणि तळघरात तळं होईल. बादलीवर लक्ष ठेवा, रात्री एकदा रिकामी करा. कायमचा उपाय म्हणजे नळी घरातल्या घरात नेऊन वॉशिंग मशीनच्या ड्रेनमध्ये सोडणे.

---

शंकेखोर | १४ जानेवारी

भाप्र (भाबडा प्रश्न): गॅस जाळल्यावर पाणी कुठून येतं? आग आणि पाणी एकाच डब्यात?

---

विजेचा_झटका | १४ जानेवारी

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक कार्बन, चार हायड्रोजन. जळताना त्या हायड्रोजनचं पाणी होतं. १६ ग्रॅम मिथेनमागे ३६ ग्रॅम, म्हणजे किलोला सव्वादोन किलो! जुन्या ८० टक्केवाल्या फर्नेसमध्ये ते वाफ होऊन चिमणीतून निघून जायचं, बरोबर बरीच उष्णताही घेऊन. नवीन फर्नेस धूर इतका गार करते की वाफेचं पाणी होतं, आणि ती उष्णता घरात राहते. वरचे सोळा टक्के म्हणजे मोठ्या प्रमाणात तेच पाणी आहे. ते किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून तुळशीला घालू नका, काही ठिकाणी गटारात सोडण्याआधी चुनखडीच्या नळकांड्यातूनही न्यावं लागतं.

---

बंबवाला | १४ जानेवारी

म्हणजे आजीच्या बंबाच्या धुरात पण पाणी होतं! साठ वर्षं वाया घालवलं आम्ही.

---

गारठलेला_सातारकर | १५ जानेवारी

रात्री बाहेर ९ फॅरनहाइट. सकाळी घर ६९. बादली पाऊण भरली होती. बाबांनी वाक्य पूर्ण केलं: "एवढं शिकलास, पण काकूंना विचारायला हवं हे कळलं, बरं झालं."

---

लंडनकर_काकू | १५ जानेवारी

:) बाबांना सांगा, किटली कधीही उसनी न्या.

---

नीरजा_आर | १५ जानेवारी

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), तुमच्या घरी ६९ कुणाच्या मताने? आमच्याकडे ६८ विरुद्ध ७२ असं शीतयुद्ध चालू आहे. शब्दशः.

---

गारठलेला_सातारकर | १५ जानेवारी

बायको ६८, आई ७२, बाबा 'पंखा कुठे आहे?'

---

तात्या_टोरोंटो | १५ जानेवारी

थर्मोस्टॅट निर्दोष होता हे मान्य. पण माझा अजून चालतोय हेही नोंदवून ठेवा.

---

गारठलेला_सातारकर | ९ फेब्रुवारी

अपडेट. प्लंबरने नळी आतून वॉशिंग मशीनच्या ड्रेनमध्ये नेऊन दिली. एका तासाचं काम. बाहेरचं भोक बंद केलं. त्यानंतर दोनदा ५ फॅरनहाइटपर्यंत उतरलं, स्क्रीन एकदाही गेला नाही. फर्नेस बसवणाऱ्यांना फोटोंसकट मेल पाठवली आहे, १४९ परत मागितलेत. उत्तर नाही.

आई रोज रात्री झोपण्याआधी विचारते, "घुरघुरत नाहीये ना?" आता शांतता आहे तर तिला झोप लागत नाही म्हणते.

---

नवा_सभासद_७७ | २ मार्च

सर, तुमचं वाय-फाय २.४ वर आहे का ५ वर? ५ वर असेल तर स्क्रीन जातो. राउटर रीस्टार्ट करून बघा.

---

पेठेतला | २ मार्च

आणि तिकडे कुणी उंदीर पाळलाय का तेही विचारा.